ट्रेनर उर्वशी हनवते

उर्वशी हनवतेला पोलिसात जायचं होतं. ढाणकीच्या शाळेत ती खो-खो खेळली, कॉलेजात विद्यापीठाच्या संघापर्यंत गेली. धावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण भरतीच्या मैदानात उंची मोजायच्या पट्टीखाली उभी राहिली आणि तिथेच सगळं थांबलं. उंची थोडी कमी भरली. धावायची पाळीच आली नाही.

काही दिवस ती घरातच बसून होती. मग उमरखेडला बबलूने जिममध्ये बायकांसाठी दुपारची बॅच काढली आणि त्याला शिकवायला बाई हवी होती. टायरच्या दुकानावरच्या माडीवर त्याची जिम. बबलू मनाने चांगला, अंगाने आडवातिडवा. आरशासमोर उभा राहिला की आरसा लहान वाटायचा. उर्वशीचे बाबा धर्मपाल उमरखेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. बबलू त्यांच्या ओळखीचा. असं ते काम आलं.

बायका आधी लाजत यायच्या. साडीचा पदर खोचून ट्रेडमिलवर चढायच्या आणि पट्टा सुरू झाला की "आई गं" म्हणून दांडी धरायच्या. उर्वशी त्यांना हसवायची, घाम काढायची. शाळेत सरांनी जे करून घेतलं होतं तेच ती करून घ्यायची. बॅच भरली. बबलू खूश, बायका खूश.

एके दिवशी वर्षा नावाची एक बाई आली. मूल लहान होतं, सिझेरियन झालेलं. तिने सरळ विचारलं, "ताई, मी कोणता व्यायाम करू? पोटावर जोर आला तर टाक्याले काही होईन का?"

उर्वशीने हातातले डंबेल खाली ठेवले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा."

"मंग तुमाले काय माहीत हाय?" वर्षाने विचारलं. रागाने नाही, साधंच विचारलं. आणि ती गेली.

त्या दिवशी ढाणकीच्या बसमध्ये खिडकीशी बसून उर्वशी तेच घोळवत राहिली. खरंच, आपल्याला काय माहीत आहे? उठाबशा माहीत आहेत. पण उठताना अंगात काय होतं, कोणाला चालतं, कोणाला चालत नाही, हे कुठे माहीत आहे? रोज इतक्या बायका आपल्या हाती अंग सोपवतात. नुसतं पळता येतं म्हणून कोणी दुसऱ्याला पळवू नये.

घरी आल्यावर तिने सांगून टाकलं, "बाबा, मी ट्रेनरचा कोर्स करतो. परीक्षा असते नागपूरले. पास झालं का सर्टिफिकेट भेटते."

धर्मपाल हात धुवत होते. डेपोतलं ग्रीस घरी येऊनही नखांतून निघायचं नाही. ते म्हणाले, "कर न. गाडीले हात लावाच्या आंधी मले बी आयटीआय करा लागला होता. माणूस तर गाडीपेक्षा महाग हाय."

आई इंदूबाई चुलीपाशी होती. तिला एवढंच कळलं की पोरगी पुन्हा अभ्यासाला बसणार. तिने त्या दिवशी भाकरीवर तेल जरा जास्तच ओतलं.

अभ्यास सोपा नव्हता. शिकवणं फोनवर, पुस्तक इंग्रजी. हाडांची नावं, स्नायूंची नावं, कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो. खो-खोत पायाला ज्याची सवय होती त्याला पुस्तकात लांबलचक नावं होती. पहिले काही दिवस उर्वशीला वाटलं, हे आपल्याच्याने व्हायचं नाही. मग तिने आईलाच समोर बसवलं.

"आई, हात वर कर. हे डेल्टॉइड. आता कोपर वाकव. हे बायसेप्स."

"काय व पोट्टे," इंदूबाई वैतागायची, "मायं अंग म्हणजे का शाळेचा फळा हाय?" पण हात वर करायची. थोड्या दिवसांनी ती स्वतःच विचारायला लागली. मांडीच्या मागे हात लावून म्हणायची, "आन हे? कापूस वेचून आलं का हे ओढते थे?"

"ते हॅमस्ट्रिंग."

"नाव तर मोठं साहेबी हाय. दुखणं मात्र आमच्या वाटेले."

सांध्यांचा धडा धर्मपालांनी सोपा करून दिला. पुस्तकातलं चित्र त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि हसले. "हे तर आपलंच काम हाय. खांदा म्हणजे बॉल जॉइंट. चहूकडं फिरते, म्हणून लवकर ढिला बी होते. गुडघा म्हणजे बिजागर. उघडते, लागते. त्याले आडवा पिळला का गेला कामातून. आन हे मधातलं मऊमऊ, हे बुश. हे घासलं का गाडी वाजते."

उर्वशीने ते तसंच डोक्यात ठेवलं. पुढे कोणी गुडघा आत वाकवून खाली बसायला लागलं की तिला बाबांचं बिजागर आठवायचं आणि ती पटकन हात पुढे करून गुडघा सरळ करायची.

हळूहळू पुस्तक बोलायला लागलं. स्नायू व्यायामाने वाढत नाही, व्यायामानंतरच्या विश्रांतीत वाढतो. जोर एकदम वाढवायचा नसतो, चटणीत मीठ घालतो तसा चिमूट चिमूट वाढवायचा. माणूस चालता चालता सरळ बोलू शकतो तोवर त्याचा जोर माफक. शब्द तुटायला लागले की जास्त. आणि एक धडा असा होता की तो तिने पुन्हा पुन्हा वाचला. त्यात ट्रेनरने काय करायचं नाही ते होतं. आजार ओळखायचा नाही. औषध सांगायचं नाही. जिथे आपली हद्द संपते तिथे थांबून डॉक्टरांकडे पाठवायचं. वर्षाला आपण जे म्हणालो ते चुकीचं नव्हतं, हे वाचून उर्वशीला बरं वाटलं. फक्त त्याच्या पुढचंही माहीत असायला हवं होतं. डॉक्टरांनी होकार दिल्यावर बाईला हळूहळू कसं उभं करायचं, ते आता ती शिकत होती.

परीक्षेला ती नागपूरला गेली. लेखी पेपर छान गेला. प्रात्यक्षिकाला सुरभी मॅडम परीक्षक होत्या. केस बारीक कापलेले, आवाज शांत. त्यांनी एक मध्यमवयीन गृहस्थ समोर आणून उभे केले. "हे तुमचे क्लायंट. वजन कमी करायचंय. सुरू करा."

उर्वशीने सुरुवात केली. खो मिळाल्यासारखीच सुटली ती. अंग गरम करून घेतलं, हात फिरवून घेतले, मग खाली बसायचं, उठायचं. पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा, सगळं नीट सांगितलं. गृहस्थही मन लावून करत होते. मध्येच मॅडमनी हात वर केला.

"थांबा. उर्वशी, तुम्ही ह्यांना एक तरी प्रश्न विचारला का?"

उर्वशीने गृहस्थांकडे पाहिलं.

गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "माझं मागच्या वर्षी कमरेचं ऑपरेशन झालंय असं समजा. मी सांगणारच होतो. पण तुम्ही विचारलंच नाही."

मॅडम तिला बाजूला घेऊन गेल्या. "तुम्हाला येतं सगळं," त्या म्हणाल्या. "पण ट्रेनरचा पहिला व्यायाम कानाचा असतो. पुन्हा या."

नापास. परतीच्या बसमध्ये यवतमाळ गेलं, दारव्हा गेला, उर्वशीने खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. उमरखेडला धर्मपाल डेपोच्या फाटकाशी उभे होते. तिच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. तिने सगळं सांगितलं, मॅडमचं वाक्यही.

"बराबर बोलल्या त्या," धर्मपाल म्हणाले. "डायव्हर गाडी घेऊन आला का आमी बी पयले त्यालेच इचारतो, आवाज कुठून येते म्हून. बोनेट मंग उघडतो. चाल, भूक लागली असन."

उर्वशी त्यांच्याबरोबर चालू लागली. तिला रडू येत होतं, पण भूकही लागली होती, आणि स्थानकाबाहेर भजी निघत होती.

पुढचे काही आठवडे ती प्रश्न विचारायलाच शिकली. जिममधल्या एकेका बाईला बाजूला बसवून विचारायची. झोप कशी लागते, गोळ्या कोणत्या, कुठे दुखतं, घरी काम काय. आणि बायका बोलायला लागल्या. रोज येणाऱ्या एकीला साखर होती, ते तिने आजवर सांगितलं नव्हतं. दुसरीला मान वळवली की चक्कर यायची. उर्वशी ऐकत गेली तशी तिची शिकवण्याची पद्धतच बदलली. आता सगळ्यांना एकच व्यायाम नव्हता.

दुसऱ्या वेळी सुरभी मॅडमनी क्लायंट समोर उभा केला तेव्हा उर्वशीने आधी खुर्ची ओढली. "बसा," ती म्हणाली. "आधी थोडं बोलू." मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं, ते उर्वशीने पाहिलं.

ती पास झाली. हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं, त्याचीही वेगळी परीक्षा होती, तीही झाली. बबलूने तिचं सर्टिफिकेट काचेत मढवून घेतलं आणि स्वतःचा स्पर्धेतला फोटो काढून त्या खिळ्यावर ते लावलं. "मायाकडं हे नाही," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "पण माया जिममंदी हाय."

त्या हिवाळ्यात सदाशिवराव माने जिममध्ये आले. ढाणकीकडच्या सावळवाडीत त्यांचं मोठं शेत. कापूस, सोयाबीन, तूर. शब्दाला वजन असलेला माणूस. मागच्या वर्षी हृदयाची अँजिओप्लास्टी झाली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, नयनने, फोनवरून जिममध्ये नाव घालून दिलं होतं. सदाशिवराव पांढऱ्या धोतराऐवजी नवी कोरी ट्रॅक पँट घालून आले होते आणि त्या पँटचा त्यांना राग येत होता.

"बबलू, मले कोण शिकवन?"

"उर्वशी मॅडम," बबलूने भिंतीकडे बोट केलं. "सर्टिफाइड हायेत."

सदाशिवरावांनी काचेतलं नाव मोठ्याने वाचलं. मग उर्वशीकडे पाहिलं. त्यांनी तिला ओळखलं. तिची आई कित्येक वर्षं त्यांच्या शेतात कापूस वेचायला जात होती. लहानपणी उर्वशीही आईच्या मागे त्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पळाली होती.

"बसा काका," उर्वशी म्हणाली आणि तिने प्रश्न सुरू केले. गोळ्या कोणत्या, छातीत कधी दुखलं होतं, जिना चढताना काय होतं. शेवटी म्हणाली, "तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आणा. मग सुरू करू."

सदाशिवराव उठलेच. "मले व्यायाम कराले चिठ्ठी लागन? अर्धं आयुष्य नांगर धरला म्या."

"लागेल काका. त्याच्याशिवाय मी हात लावणार नाही."

ते जिना उतरून निघून गेले. बबलू डोकं खाजवत म्हणाला, "अवो मॅडम, एवढं मोठं गिऱ्हाईक."

"म्हणूनच," उर्वशी म्हणाली. सदाशिवराव मानेंना तिच्या घरातल्या कोणी आजवर नाही म्हटलं नव्हतं.

आठवडा उलटला आणि सदाशिवराव परत आले. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टर म्हणाला, पोरगी शहाणी हाय," ते म्हणाले. चेहरा मात्र तसाच आखडलेला.

चिठ्ठीवरच्या नंबरवर उर्वशीने डॉक्टरांशी बोलून घेतलं. सदाशिवराव जी एक गोळी घेत होते ती हृदयाचे ठोके वाढू देत नाही, असं तिने अभ्यासात वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, ह्यांच्या नाडीवर जाऊ नका. तेव्हा ट्रेडमिलवर चालताना उर्वशीने त्यांना बोलतं ठेवायचं ठरवलं. औंदा तुरीला शेंगा कशा लागल्या, रोही, म्हणजे नीलगाई, शिवारात शिरतात का, बैल विकले का. शेताचं काढलं की सदाशिवराव थांबत नसत. सलग बोलत आहेत तोवर ठीक; वाक्य तुटलं की उर्वशी पट्ट्याचा वेग कमी करायची. त्यांना हे कधी कळलंच नाही. त्यांना वाटायचं, पोरीला शेतीची आवड आहे.

दोन महिन्यांत त्यांचा चेहरा उजळला. आखडूपणाही गेला. पिशवीत कधी शेतातले ओले हरभरे घेऊन यायचे. "पोरी, घरी ने. इंदूबाईले आवडतात," असं एकदा सहज म्हणून गेले.

मग नयनने पुण्याहून हातातलं घड्याळ पाठवलं. ठोके मोजणारं. सदाशिवरावांना ते फार आवडलं. उर्वशीने समजावून सांगितलं, "काका, तुमच्या गोळीमुळे ह्याचा आकडा खरा जोर सांगत नाही." त्यांनी मान डोलवली, पण घड्याळ मुलाने पाठवलेलं होतं.

सर्टिफिकेट झाल्यापासून उर्वशी सकाळीही जिममध्ये असायची. फेब्रुवारीतली एक सकाळ. उर्वशी पलीकडे एका बाईला डंबेल कसा धरायचा ते दाखवत होती. सदाशिवरावांनी घड्याळाकडे पाहिलं, आकडा कमी दिसला, आणि त्यांनी हात पुढे करून स्वतःच वेग वाढवला. थोडा, मग आणखी थोडा.

उर्वशीची पाठ होती त्यांच्याकडे. पण तिचे कान तिकडेच होते. बबलूला नव्या बोअरवेलची गोष्ट सांगता सांगता त्यांचा आवाज थांबला होता. ती वळली.

"काका, पाणी किती फुटावर लागलं?"

"दोन... दोनशे..." पुढे शब्द आला नाही. त्यांनी घड्याळ दाखवलं. "पाह्य... कमीच हाय..."

उर्वशी दोन ढांगांत तिथे पोचली. वेग हळूहळू उतरवला, पट्टा थांबल्यावर त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. कपाळावर थंड घाम होता.

"छातीत काही होतंय?"

"काही नाही. जड वाटते थोडं. सकाळी ठेचा खाल्ला न, पित्त झालं असन."

"हात? जबडा?"

सदाशिवरावांनी डावा हात मांडीवर चोळला.

"बबलूदादा, गाडी काढा," उर्वशी म्हणाली.

"अवो काही झालं नाही!" सदाशिवरावांना त्याही अवस्थेत राग आला. "गावभर बोभाटा होईन. पित्त हाय म्हटलं न."

उर्वशी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. आवाज चढवला नाही. "काका, असेल पित्त. पण ते ओळखणं माझं काम नाही. मी ट्रेनर आहे, डॉक्टर नाही. म्हणूनच चला."

ते उठले.

बबलूच्या गाडीत उर्वशी त्यांच्या शेजारी बसली. वाटेतच तिने दवाखान्यात फोन करून ठेवला. जाताना त्यांचा श्वास, चेहऱ्याचा रंग पाहत होती. जे शिकली होती ते करायची वेळ आली तर काय आधी करायचं, ते मनात लावून ठेवलं होतं. वेळ आली नाही. उमरखेडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, औषधं दिली आणि लगेच अँब्युलन्समधून नांदेडला पाठवलं. उर्वशी सोबत गेली.

नांदेडला कळलं, हृदयाची दुसरीच एक नस जवळजवळ बंद झाली होती. वेळेत आले म्हणून हृदयाला फारशी इजा झाली नाही. स्टेंट टाकला. बाहेर येऊन डॉक्टरांनी उर्वशीला विचारलं, "लक्षणं कधी सुरू झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं तुम्ही इतकं नेमकं सांगितलंत. नर्स आहात का?"

"नाही सर," उर्वशी म्हणाली. "पर्सनल ट्रेनर आहे. सर्टिफाइड."

हे वाक्य ती पहिल्यांदाच कोणा अनोळखी माणसासमोर बोलली होती. भिंतीवरच्या काचेत ते कितीतरी दिवस होतं. पण आज ते तिच्या स्वतःच्या तोंडून निघालं. बोलताना तिची मान आपोआप सरळ झाली.

संध्याकाळी नयन पुण्याहून आला. घाबरलेला होता, त्यामुळे चिडलेला. बाकड्यावर बसलेल्या उर्वशीला पाहून म्हणाला, "जिममध्ये नेमकं काय केलंत तुम्ही बाबांना? हार्ट पेशंटला असं पळवतात का?"

उर्वशी उभी राहिली. तिने जे झालं ते सांगितलं, वाढवून नाही, लपवून नाही. नयनचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. मग त्याला आत सोडलं. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून सदाशिवरावांचा अशक्त आवाज बाहेर ऐकू आला.

"तिच्यावर काहून चिडून राह्यला? स्पीड म्या वाढवला, तुया घड्याळाचं ऐकून. तिनं माया आवाज ऐकला. समजलं? जा, तिले चहा पाज. सकाळपासून उपाशी असन पोरगी."

नयन बाहेर आला. "मॅडम," एवढंच म्हणाला, आणि मग, "चहा घेता का?"

"घेते," उर्वशी म्हणाली. "बिस्किटंही चालतील."

दोघं हसले.

सदाशिवराव बरे होऊन घरी आले. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आधी अंगणात, मग धुऱ्यावर, मग पुन्हा जिममध्ये. घड्याळ त्यांनी आता फक्त वेळ पाहायला ठेवलं होतं. बोलायचं मात्र वाढलं होतं. जो भेटेल त्याला ते उर्वशीची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. शेवटी शेवटी तर तिने त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला होता.

कापूस फुटायच्या आधी त्यांनी सावळवाडीत एक कार्यक्रम ठेवला. कापूस वेचणाऱ्या बायकांना कमरेचं, पाठीचं दुखणं ठरलेलं. त्यावर उर्वशी मॅडमनी येऊन शिकवावं. ग्रामपंचायतीसमोर मांडव, सतरंज्या, पुढे काही खुर्च्या. सगळ्या वस्त्यांवरून बायका आल्या, मानेंच्या घरच्याही आल्या. इंदूबाई निळ्या काठाची साडी नेसून आली. मांडवात शिरल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कोणी सांगायची वाट न बघता पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. धर्मपाल तिच्या शेजारी. त्यांनी डेपोतून अर्धी रजा टाकली होती आणि नखं घासून घासून जवळजवळ स्वच्छ केली होती.

सदाशिवराव बोलायला उभे राहिले. "ह्या उर्वशी मॅडम. माया ट्रेनर. ह्यांनी उठ म्हटलं का मी उठतो, बस म्हटलं का बसतो. घरात कोणाचंच ऐकत नाही, तुमाले ठाऊकच हाय." मांडव हसला. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "मी आज हितं उभा हाय थो ह्यांच्या शिक्षणामुळं. आता तुमी ऐका."

उर्वशीने माइक बाजूला ठेवला. मोकळ्या आवाजात ती बोलली. वाकताना पाठीतून वाकू नका, खुब्याच्या सांध्यातून वाका. गुडघा थोडा सैल. पोटाशी बांधलेली कापसाची ओटी भरली की एका बाजूला ओझं होतं. अधूनमधून रिकामी करा, बाजू बदला. तिने वाकून दाखवलं. मग बायका उठल्या, साड्या खोचल्या, आणि सगळा मांडव एकदम वाकला. इंदूबाईचंच सगळ्यात बरोबर आलं. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे पाहून पाठ सरळ करत होत्या आणि ती त्यांना सांगत होती, "हे हॅमस्ट्रिंग हाय. हे ओढल्यावानी वाटलं पायजे. नाही वाटलं तर चुकलं समज."

नंतर चहा झाला, चिवडा झाला. शेजारच्या दोन गावांच्या सरपंचांनी तारखा मागितल्या. मानेंच्या सूनबाई उर्वशीला बाजूला घेऊन खांद्याबद्दल विचारत राहिल्या. निघायला उन्हं कलली.

फाट्यावरून ढाणकीची बस मिळाली. कंडक्टर ओळखीचा निघाला. धर्मपालांना पाहून म्हणाला, "काय भाऊ, आज डेपो सोडून इकडं?"

धर्मपाल नुसतेच हसले. इंदूबाईच म्हणाली, "पोरीचा कारेक्रम होता. ट्रेनर हाय थे. सर्टिफिकेटवाली."

"अस्सं? मले ठाऊक नव्हतं. मी तर हिले धर्मपालभाऊची पोरगी म्हून वळखतो."

"तसं नोका वळखू आता," इंदूबाई खिडकीशी सरकून बसत म्हणाली. "हे उर्वशीचे बाबा होत. आन मी तिची माय. तीन ढाणकी द्या."